पाणी आत शिरले तर? पाणबुडीतील जवानांचा एक महत्त्वाचा धडा



पावसाळ्यात रामघाटावर एक दृश्य आपण दरवर्षी पाहतो. माळव्यात दोन-तीन दिवस सतत पाऊस झाला की शिप्रेचे पाणी एकेक पायरी गिळत वर येते. काठावरची लहान देवळे कळसापर्यंत बुडतात आणि आपण वरच्या पायरीवर उभे राहून ‘आज कुठपर्यंत आले?’ असे एकमेकांना विचारतो. पाणी वाढले की आपण दोन पायऱ्या मागे सरकतो. मागे सरकायला जागा असते, ही केवढी मोठी सोय आहे हे तेव्हा आपल्या लक्षातही येत नाही.

आता अशा चाळीस माणसांचा विचार करा, ज्यांना मागे सरकायला जागाच नाही. त्यांच्या वर शंभर मीटर पाणी आहे, खाली पाणी आहे, चारही बाजूंना पाणी आहे आणि मध्ये पोलादाची एक लांब नळी. तीच त्यांचे घर, कारखाना आणि किल्ला. ही झाली पाणबुडी. तिच्या एखाद्या नळाचा सांधा निसटला आणि समुद्र आत येऊ लागला, तर ही माणसे काय करतात? ती घाबरत नाहीत का? आणि त्या वेळी काय करायचे हे त्यांना कोण व कसे शिकवते? समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आपल्या उज्जैनच्या मुलांनी हा धडा का वाचावा, हे लेखाच्या शेवटी आपोआप कळेल.

आधी थोडे दाबाविषयी

पाण्यात जितके खोल जावे तितका दाब वाढतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला आहात. साधारण दर दहा मीटर खोलीला, प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर एक किलो वजन ठेवावे इतका दाब वाढतो. आपली शिप्रा पुढे चंबळेला मिळते आणि चंबळेवर मंदसौर जिल्ह्यात १९६० साली पूर्ण झालेले गांधीसागर धरण आहे. त्याची उंची सुमारे ६२ मीटर आहे. धरण काठोकाठ भरले तर तळाशी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे सहा किलोचा भार येतो. म्हणून तर धरणाची भिंत वर अरुंद आणि खाली रुंद बांधतात.

पाणबुडी यापेक्षाही खोल जाते. समजा ती शंभर मीटर खोलीवर आहे. तेथे आपल्या तळहाताएवढ्या, म्हणजे सुमारे शंभर चौरस सेंटीमीटर जागेवर एक टन भार असतो. हा भार सोसण्यासाठी पाणबुडीचे मुख्य कवच जाड आणि खास पोलादाचे, नळीसारखे गोल केलेले असते. गोल आकारामुळे दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. अंडे मुठीत धरून सगळीकडून सारखे दाबले तर सहज फुटत नाही, तसाच हा प्रकार.

पण नुसते बंद कवच करून भागत नाही. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी आत घ्यावे लागते, पाणतीर सोडायला नळ्या लागतात, इंजिनाला हवा लागते, कचरा आणि सांडपाणी बाहेर टाकावे लागते. यातल्या प्रत्येक कामासाठी कवचाला एक भोक ठेवावे लागते आणि त्या भोकावर झडप बसवावी लागते. समुद्र नेहमी त्या झडपांच्या पलीकडे थांबलेला असतो.

भोक केवढे आणि पाणी किती?

येथे आपण एक गणित करू. नववी-दहावीच्या मुलांनी वही-पेन्सिल घ्यावी. टाकीच्या तळाशी भोक पडले तर पाणी किती वेगाने बाहेर येते, याचा नियम इटलीच्या टॉरिचेली या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितला. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली. पाणबुडीत हेच उलट घडते. पाणी बाहेरून आत येते, पण नियम तोच.

खोली १०० मीटर घेतली तर २ × ९.८ × १०० = १९६०. याचे वर्गमूळ सुमारे ४४. म्हणजे पाणी सेकंदाला ४४ मीटर, तासाला सुमारे १६० किलोमीटर वेगाने आत घुसते. आगगाडीच्या वेगाने येणारी ही धार आहे. तिच्यासमोर हात धरला तर हाताला मोठी इजा होऊ शकते.

आता भोक फक्त अडीच सेंटीमीटर व्यासाचे समजा. जुन्या रुपयाच्या नाण्याहून फारसे मोठे नाही. धार भोकातून निघताना आकसते, म्हणून प्रत्यक्षात गणिताच्या सुमारे साठ टक्केच पाणी येते असे धरू. तरीही दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी आत येईल. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी सव्वा मिनिटात भरेल! भोक पाच सेंटीमीटरचे असेल तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून पाणीही चौपट. मग दर मिनिटाला तीन टनांहून अधिक पाणी.

पाण्याखाली चालणारी पाणबुडी जड नसते आणि हलकीही नसते. तिचे वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन अगदी तोलून ठेवलेले असते. त्यामुळे दहा मिनिटांत तीस टन पाणी वाढले तर काय होईल, हे आर्किमिडीज शिकलेल्या मुलांना सांगायला नको. तोल बिघडतो, एक टोक खाली झुकते आणि पाणबुडी खोल जाऊ लागते. खोल गेली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी आणखी वेगाने येते. उशीर झाला की संकट आपोआप वाढत जाते, ते असे.

पहिला एक मिनिट

म्हणूनच या कामात पहिला एक मिनिट सर्वांत मोलाचा मानतात. त्या मिनिटात काय काय करायचे, ते ठरलेले असते.

पहिली गोष्ट, ज्याला पाणी दिसले त्याने ते तत्काळ आणि मोठ्याने सांगायचे. कोणत्या कप्प्यात, कोणत्या बाजूला, नेमके कुठे. ‘आधी मीच पाहतो, मग सांगतो’ असे करायचे नाही. नवशिक्या खलाशाने सांगितले तरी ते ऐकले जाते.

दुसरी गोष्ट, नियंत्रण कक्षात बसलेले लोक पाणबुडीचा वेग वाढवतात आणि तिचे नाक वर करतात. विमानाला जसे पंख, तसे पाणबुडीला आडवे सुकाणू असतात. वेग असेल तर त्यांच्या जोरावर ती वर चढू शकते.

तिसरी गोष्ट, तोलाच्या टाक्यांमधले पाणी दाबाखालच्या हवेने बाहेर ढकलायचे. पाणबुडीत पोलादी बाटल्यांमध्ये वातावरणाच्या दोनशे पटींहून अधिक दाबाची हवा साठवलेली असते. पण येथेही खोलीचा हिशेब आहे. शंभर मीटरवर दाब वातावरणाच्या अकरा पट होतो, म्हणून एक टाकी रिकामी करायला पृष्ठभागावर लागेल त्याच्या अकरापट हवा खर्च होते. हवा मोजकीच असते, तेव्हा ती उगाच दवडता येत नाही.

चौथी गोष्ट, ज्या नळातून पाणी येत आहे त्याची कवचाजवळची झडप बंद करायची. आणि पाचवी गोष्ट, त्या कप्प्याची दारे बंद करायची. पाणबुडी आतून पोलादी आडभिंतींनी कप्प्याकप्प्यांत विभागलेली असते. आपल्या नौदलातील सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांत असे सहा कप्पे आहेत. एक कप्पा भरला तरी बाकीचे कोरडे राहावेत, ही योजना.

शिवाय खारे पाणी बॅटरीपर्यंत पोहोचू द्यायचे नसते. पाणबुडीच्या बॅटरीत आम्ल असते. त्यात समुद्राचे मीठ मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. म्हणजे पाण्याने बुडण्याआधी श्वास कोंडण्याची भीती.

हे सारे वाचायला आपल्याला तीन मिनिटे लागली. त्यांना ते साठ सेकंदांत करायचे असते. दिवे गेलेले, जमीन तिरपी झालेली, कानठळ्या बसवणारा आवाज आणि धारेच्या तुषारांनी खोलीभर धुके! डोळ्यांना काही दिसत नाही. मग कामाला येतात ते हात.

हातांना शिकवणारी शाळा

आपल्या देशाची पहिली पाणबुडी ‘आयएनएस कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली. तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळतात. त्या काळी आपल्या नौसैनिकांना शिक्षणासाठी परदेशी जावे लागे. पुढे १९७४ साली विशाखापट्टणम येथे ‘आयएनएस सातवाहन’ ही संस्था सुरू झाली आणि पाणबुडीची विद्या आपल्याच किनाऱ्यावर शिकवली जाऊ लागली. ज्या सातवाहन राजांचे नाव तिला दिले आहे, त्यांची राजधानी गोदाकाठचे पैठण होते, हे आपल्या मराठी मुलांना ठाऊक असावे. जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण देणारी नौदलाची मोठी शाळा तर महाराष्ट्रातच, लोणावळ्याला आहे. १९४५ साली सुरू झालेल्या त्या संस्थेचे नाव ‘आयएनएस शिवाजी’. जहाजात आग लागली किंवा पाणी शिरले तर काय करावे, याचेही धडे तेथे दिले जातात.

या शिक्षणाची पद्धत मोठी पाहण्यासारखी असते. जमिनीवर जहाजाच्या कप्प्यासारखी एक पोलादी खोली बांधतात. तिच्यात नळ, झडपा, दारे अगदी खऱ्यासारखी असतात, पण नळांना मुद्दाम भोके आणि चिरा पाडलेल्या असतात. विद्यार्थी आत गेले की दार लागते. बाहेर बसलेला शिक्षक कळ फिरवतो आणि चारी बाजूंनी थंड पाण्याच्या धारा सुटतात. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला लागते. मध्येच दिवे घालवतात. काही खोल्या जहाजासारख्या डोलतातही. विद्यार्थ्यांजवळ असतात लाकडी बुचे, पाचरा, रबराचे तुकडे, पट्ट्या, शिकंजे आणि हातोडी. गोल भोकात लाकडी बूच ठोकायचे. लाकूड मऊ असते, ते पाणी पिऊन फुगते आणि भोक घट्ट धरते. लांब चिरेत पाचरा मारायच्या. फुटलेल्या नळाभोवती रबर गुंडाळून वर पट्टी आवळायची. मोठे भोक असेल तर त्यावर फळी दाबून तिला मागून लाकडाचे टेकू द्यायचे. इतक्या आधुनिक यंत्रात शेवटी सुताराची हत्यारे कामाला येतात, याची गंमत वाटते ना?

पहिल्या दिवशी बहुधा सगळेच चुकतात. एकजण बूच शोधत राहतो, दुसरा त्याच्याच अंगावर हातोडी नेतो, तिघे एकाच भोकापाशी गर्दी करतात आणि मागचे भोक कोणी पाहतच नाही. म्हणूनच ही खोली. येथे चुकले तर शिक्षक पाणी बंद करतो, चूक दाखवतो आणि पुन्हा पाणी सोडतो. समुद्र पाणी बंद करत नाही.

दुसरा भाग पाणबुडीवरच शिकायचा असतो. नव्या माणसाने, तो स्वयंपाकी असो की रेडिओ सांभाळणारा, पाणबुडीतला प्रत्येक महत्त्वाचा नळ कुठून निघतो आणि कुठे जातो हे पाठ करायचे. त्याचा नकाशा हाताने काढून दाखवायचा. कोणती झडप कुठे आहे, ती कोणत्या दिशेला फिरवल्यावर बंद होते, हे अंधारात चाचपून सांगायचे. आपली आंधळी कोशिंबीरच, पण येथे खेळगडी पकडायचा नाही, झडप पकडायची! तोंडी आणि प्रत्यक्ष परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच पाणबुडीवाल्यांचा मानाचा बिल्ला छातीवर लागतो. कारण उघड आहे. पाणी कोणत्या कप्प्यात शिरेल आणि तेव्हा तेथे कोण असेल, हे आधी कोणाला ठाऊक असते? ‘ते माझे काम नाही’ हे वाक्य पाणबुडीत चालत नाही.

एक बंद झालेले दार, एक अडकलेले दार

१९३९ साली नऊ दिवसांच्या अंतराने दोन पाणबुड्या बुडाल्या. दोन्ही नव्या होत्या, दोन्ही चाचणीसाठी निघाल्या होत्या आणि त्या दिवशी त्यांचे देश कोणत्याही युद्धात नव्हते. त्या दोन घटना जगभरच्या पाणबुडी शाळांत आजही शिकवल्या जातात.

पहिली अमेरिकेची ‘स्क्वॉलस’. २३ मे १९३९. बुडी मारताना इंजिनांची हवेची मोठी झडप बंद झाल्याचा हिरवा दिवा लागला होता. पण झडप उघडीच होती. मागच्या कप्प्यांत पाणी धो धो शिरले. मधल्या दाराशी लॉइड मेनेस नावाचा एक तरुण विजेचे काम करणारा नौसैनिक उभा होता. दार बंद करायची आज्ञा झाली. पलीकडून साथीदार हाका मारत पाण्यातून येत होते. त्याने येऊ शकणाऱ्यांना आत घेतले आणि पाणी उंबरठ्यावरून येऊ लागल्यावर ते जड दार ओढून लावले. मागे राहिलेले २६ जण गेले. पुढचे ३३ जण जगले. सुमारे ७३ मीटर खोलीवरून, वरून सोडलेल्या घंटेच्या आकाराच्या पिंजऱ्यातून त्यांना बाहेर काढण्यात आले.

दुसरी इंग्लंडची ‘थेटिस’. १ जून १९३९. तिच्या एका पाणतीर नळीचे बाहेरचे तोंड उघडे राहिले होते. नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी मागच्या दाराला एक बारीक भोक असते. ते उघडले, पाणी आले नाही, म्हणून नळी रिकामी आहे असे समजून दार उघडले गेले. खरे तर ते भोक रंगाने बुजले होते! समुद्र आत आला. पुढच्या कप्प्याचे दार लावण्याची धडपड झाली, पण त्या दाराला घट्ट करण्याचे अनेक खिळे होते आणि त्यांतला एक मध्येच अडकल्याने दार बसेना. दोन कप्पे भरले. पाणबुडीवर १०३ माणसे होती, त्यांतली फक्त ४ वाचली.

मुलांनो, या दोन गोष्टींत शूर कोण आणि भित्रे कोण, असा प्रश्न विचारू नका. दोन्हीकडे माणसे धैर्याचीच होती. फरक पडला तो दाराने. थेटिसनंतर इंग्लंडने पाणतीर नळीच्या दाराला अशी कडी बसवली की ते आधी किंचितच उघडावे आणि पाणी असेल तर लगेच लावता यावे. ती कडी आजही थेटिसच्या नावाने ओळखतात. रंग लावताना राहिलेल्या एका हलगर्जीपणाची किंमत ९९ माणसांनी दिली, याची ती आठवण आहे.

आणि मेनेससारखा निर्णय? तो त्या क्षणी विचार करून घेता येत नाही. ‘दार केव्हा लावायचे’ हे शांत दिवशी, सर्वांनी मिळून, आधीच ठरवावे लागते. पलीकडे मीही असू शकतो, तरीही माझ्या मित्राने दार लावावे, हे प्रत्येकाने मनाशी मान्य केलेले असते. पाणबुडीतली मैत्री ही अशी असते.

बाहेर पडायची वेळ आली तर

सगळे उपाय थकले आणि पाणबुडी तळाला बसली, तर बाहेर पडावे लागते. येथे एक कोडे आहे. साठ सेंटीमीटर व्यासाचे वरचे झाकण शंभर मीटर खोलीवर उघडायचे झाले तर त्यावर सुमारे २८ टनांचा भार असतो. दहा पहिलवानही ते हलवू शकणार नाहीत. मग युक्ती काय? ज्या पाण्याशी आतापर्यंत झुंजलो, तेच पाणी त्या छोट्या कोठडीत आपणहून आत घ्यायचे! आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की झाकण सहज उघडते. खास पोशाख घातलेला माणूस मग बुडबुड्यासारखा वर जातो. अशा पोशाखाने सुमारे १८० मीटर खोलीवरूनही सुटका शक्य मानली जाते.

वर जाताना एक नियम पाळावा लागतो. श्वास कोंडून धरायचा नाही. बॉइलचा नियम आठवा. दाब कमी झाला की हवा पसरते. पाच मीटर खोलीवर दाब दीडपट असतो. तेथे दाबाखालची हवा घेऊन चार लिटर भरलेली फुप्फुसे वर येईपर्यंत सहा लिटर मागतील. श्वास धरला तर फुप्फुस फाटू शकते. पाण्यात श्वास धरावा ही तर आपली जन्मजात सवय. ती मोडायला सराव लागतो.

हा सराव देण्यासाठी आयएनएस सातवाहनमध्ये १३ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विनेत्र’ नावाचे केंद्र सुरू झाले. पूर्व नौदल विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात पाच मीटरचा एक मनोरा आणि त्याला जोडून पाणबुड्यांसाठीचा तलाव आहे. ते लार्सन अँड टुब्रो या आपल्याच देशातील कंपनीने उभारले. कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवरील जवान तेथे सुटकेचा सराव करतात. या वर्गाच्या सहाही पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. पहिली कलवरी २०१७ मध्ये आणि सहावी वागशीर २०२५ मध्ये नौदलात आली. दुसरीचे नाव ‘खांदेरी’. शिवाजी महाराजांनी १६७९ साली अलिबागजवळच्या ज्या बेटावर किल्ला बांधायला घेतला, त्याचे हे नाव.

याच माझगाव गोदीत बांधलेली ‘शल्की’ ही भारतात तयार झालेली पहिली पाणबुडी. ती १९९२ मध्ये दाखल झाली. तिच्या वर्गात सुटकेची निराळीच सोय आहे. चाळीस जणांना एकत्र सामावणारा एक पोलादी गोल पाणबुडीच्या मध्यभागी बसवलेला असतो. त्यात शिरून दार लावले की तो सुटून वर येऊ शकतो. बाहेरून मदत करण्यासाठी आपल्या नौदलाकडे खोल पाण्यातील बचाव वाहनेही आहेत. त्यांतले पहिले डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत सामील झाले. ते ६५० मीटर खोलीपर्यंत जाऊन एका खेपेला १४ जणांना आणू शकते. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नंगाला’ पाणबुडी बेपत्ता झाली, तेव्हा विशाखापट्टणमहून आपण असेच वाहन मदतीला धाडले होते. दुर्दैवाने त्या ५३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. जुलै २०२५ मध्ये ‘आयएनएस निस्तार’ हे देशातच बांधलेले मदतनौकेचे मोठे जहाज दाखल झाले. सराव आणि साधने दोन्ही लागतात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

मुंबईची ती रात्र

आपल्याकडे असे कधी घडलेच नाही, असे मात्र समजू नका. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर ‘आयएनएस सिंधुरक्षक’ ही पाणबुडी मुंबईच्या नौदल गोदीतच स्फोट होऊन बुडाली. समुद्रात नव्हे, धक्क्याला बांधलेली असताना. १८ जवान गेले. दुसऱ्या दिवशी देशभर झेंडावंदन झाले, पण त्या अठरा घरांत काय असेल? स्फोट झाल्यावर काही क्षणांतच सगळे संपले, तेथे सराव करायला वेळच मिळाला नाही. पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’वर धूर होऊन दोन अधिकारी दगावले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. हे मुद्दाम सांगितले, कारण सुरक्षितता ही फक्त झडपेपाशी उभ्या असलेल्या जवानाची जबाबदारी नसते. ती वरपर्यंत जाते.

आपण काय घ्यावे?

पालक आणि विश्वस्त मंडळींनाही येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. संकटाच्या वेळी माणसाला नवे काही सुचत नाही. आधी जे हाताने अनेकदा केलेले असते, तेच त्याच्याकडून होते. शाळांत आगीचा सराव होतो तेव्हा बहुतेक ठिकाणी तारीख आधी कळवलेली असते, मुले हसतखिदळत मैदानावर येतात, फोटो निघतो आणि सराव संपतो. असा सराव म्हणजे हिरवा दिवा, पण झडप उघडी! वर्षातून एकदा तरी न सांगता घंटा व्हावी. मागच्या जिन्याचे दार खरोखर उघडते का, त्याची किल्ली कोणाकडे असते, अग्निशामक नळकांडे शेवटी कधी तपासले, पहिलीच्या मुलांना कोणी हात धरून न्यायचे, हे त्या दिवशी कळेल. चुका होतील. त्या त्याच दिवशी झालेल्या बऱ्या.

आणि मुलांनो, शिप्रेचा काठ आपला आहे. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे, घाटांवर लाखो माणसे येतील. पोहायला शिका, पण शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. कोणी बुडताना दिसले तर स्वतः उडी टाकू नका. आधी मोठ्याने ओरडा, घाटावरच्या होमगार्डच्या जवानांना बोलवा, काठावरून दोर, ओढणी किंवा काठी फेका. पाणबुडीतल्या जवानाचाही पहिला नियम हाच आहे. जे दिसले ते लगेच आणि मोठ्याने सांगा.

पुढच्या पावसाळ्यात रामघाटाच्या वरच्या पायरीवर उभे राहाल, तेव्हा समुद्राखाली या क्षणी कोणीतरी अंधारात झडप चाचपून पाहत असेल, याची आठवण ठेवा. त्या झडपेची त्याला आज गरज नाही. म्हणूनच तो ती आज चाचपतो आहे.

करून पहा आणि सोडवा

१. प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन सारखी भोके पाडा. पाणी भरून पहा. कोणती धार सर्वांत दूर जाते? का?

२. औषधाच्या थेंबनळीत थोडे पाणी घ्या आणि ती काठोकाठ भरलेल्या बाटलीत सोडून झाकण लावा. नळी जेमतेम तरंगली पाहिजे. बाटली दाबली की ती बुडते, सोडली की वर येते. पाणबुडीच्या टाक्यांशी याची तुलना करा.

३. खोली २५ मीटर असेल तर पाणी किती वेगाने आत येईल? खोली चौपट झाल्यावर वेग किती पट होतो?

४. वडीलधाऱ्यांसोबत घरातील पाण्याची मुख्य कळ, विजेचे मुख्य बटण आणि गॅसची कळ कुठे आहे ते शोधा. मग डोळे मिटून तेथपर्यंत जाऊन दाखवा. किती जणांना जमले ते वर्गात सांगा.

उत्तरे पुढील अंकात.